होज बदलायचे की नाही? आधी पाणी भरून बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही समजेल. सिंहगड रोडवर तुमची बारा मजल्यांची, दोन विंगची सोसायटी आहे आणि इमारत नऊ वर्षांची आहे. मॉक ड्रिलच्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या होजच्या, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या पाइपच्या, जोडातून पाण्याचं कारंजं उडालं. नवव्या मजल्यावरचा होज उलगडायला गेलात तर तो आतून चिकटलेला निघाला. ठेकेदार म्हणतो, सगळे ५२ होज बदला. एक सभासद म्हणतात कॅनव्हासचे स्वस्त मिळतात, ते घ्या. दुसऱ्यांचं म्हणणं, १५ मीटरचे दोन ठेवण्यापेक्षा ३० मीटरचा एकच बरा. कुठला पाइप घ्यावा, असं तुम्ही विचारलंत. आणि अगदी शेवटी एक वाक्य लिहिलंत : "वेळ आलीच तर आमच्यातलं कोण तो धरणार, हेही ठरलेलं नाही."

मला तरी तुमचा खरा प्रश्न हा शेवटचाच वाटतो. पाइप कुणाच्या हातात जाणार हे ठरलं की कुठला घ्यायचा, किती लांबीचा, कसा ठेवायचा ही उत्तरं बरीचशी आपोआप मिळतात. मी २६ वर्षं अग्निशमन दलात काढली, त्यातली बरीचशी होजच्या दोन्ही टोकांना, कधी पंपावर तर कधी ब्रांच, म्हणजे टोकाचा नॉझल लावलेला दांडा, धरून. निवृत्तीनंतर सोसायट्यांच्या यंत्रणा तपासतो. तुमची इमारत मी पाहिलेली नाही. पंप किती दाब देतो, रायझर, म्हणजे मजल्यामजल्यांतून वर जाणारा पाण्याचा उभा पाइप, कुठून गेलाय, व्हॉल्व्हपासून घराची शेवटची खोली किती लांब, यावर काही गोष्टी बदलतील. ते जिथे येईल तिथे सांगेन.

तुमच्या प्रत्येक मजल्यावर पाण्याची दोन साधनं असणार. एक भिंतीवरचा लाल ड्रम, त्यावर गुंडाळलेली काळी रबरी नळी, म्हणजे होज रील. दुसरं साधन म्हणजे लँडिंग व्हॉल्व्ह (रायझरवर प्रत्येक मजल्याला बसवलेला चाकाचा मोठा नळ) आणि शेजारच्या पेटीत घडी करून ठेवलेले ६३ मिलिमीटरचे दोन चपटे होज आणि ब्रांच. दोन्ही एकाच रायझरवर असतात, पण दोन्ही एकाच माणसासाठी नाहीत.

रीलची नळी घट्ट असते, ती चपटी होत नाही. त्यामुळे ड्रमवर अर्धी गुंडाळलेली असली तरी तिच्यातून पाणी येतं. साडेतीन किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो) दाबाला तिच्या ५ मिलिमीटर तोंडातून मिनिटाला साधारण ३० लिटर पाणी पडतं. पडदा पेटला, गादी पेटली, देवघरातल्या दिव्यानं कपाट धरलं, अशा आगीला सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांत एवढं पाणी पुरतं. आणि साठीच्या आजीसुद्धा ती नळी एकट्या धरू शकतात.

मोठ्या होजचं गणित वेगळं आहे. १५ मीटरच्या एका होजमध्ये जवळपास ४७ लिटर पाणी मावतं, म्हणजे भरल्यावर तो ४७ किलोनं जड होतो. त्यापुढे २० मिलिमीटरचं नॉझल असेल आणि नॉझलवर साडेतीन किलो दाब असेल, तर मिनिटाला सुमारे ५०० लिटर पाणी बाहेर पडतं आणि ते धरणाऱ्याला साधारण २२ किलोच्या जोरानं मागे ढकलतं. दाब सात किलो झाला की हाच जोर ४४ किलोंवर जातो. आता तुमची इमारत डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वरच्या व्हॉल्व्हवर पाणी चालू असताना साडेतीन किलो दाब मिळायला हवा. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो, या हिशेबानं वर साडेतीन मिळत असेल तर तळमजल्यावर सात किंवा त्याहून जास्त असणार. म्हणजे जो होज अकराव्या मजल्यावर दोघांना जेमतेम आवरतो, तोच खालच्या मजल्यावर नवख्या माणसाला पाडू शकतो. हातातून सुटलेली ब्रांच जमिनीवर सापासारखी फटके मारते. असा फटका नडगीवर बसलेला माणूस मी पाहिलाय. हाड मोडलं होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं : रील रहिवाशांची, मोठा होज अग्निशमन दलाचा आणि तुमच्यातल्या सराव केलेल्या चार-सहा जणांचा. पुणे असो की पिंपरी-चिंचवड, दलाची गाडी आल्यावर जवान तुमच्या रायझरचं पाणी वापरायचा प्रयत्न करतात. त्या वेळी पेटीतला होज धड असेल तर त्यांचे मोलाचे मिनिट वाचतात. तुमची जबाबदारी तो धड ठेवण्याची आहे.

आता बिघाडाकडे येऊ. जोडातून कारंजं उडालं म्हणजे होज फाटला असं नाही. आपल्याकडचे जोड एकदम ढकलून बसणारे असतात. नराचं तोंड मादीत ढकललं की मादीच्या आतल्या स्प्रिंगच्या खिट्ट्या खट्‌कन बसतात. मादीच्या खाचेत एक रबरी वॉशर असतो आणि पाणी अडवायचं काम तो एकटा करतो. तो कडक झाला, चिरला किंवा कुणी साफ करताना काढून परत बसवलाच नाही, की जोड गळतो. हा वॉशर किरकोळ पैशांत मिळतो. दुसरं कारण, होज जोडाच्या ज्या मागच्या नळीवर, म्हणजे शेपटावर, चढवून तारेनं बांधलेला असतो ते बांधकाम सैल होणं. त्यासाठी होज टोकाला थोडा कापून पुन्हा बांधून घेता येतो, फूटभर लांबी कमी होते इतकंच. मात्र बांधताना तारेचे वेढे घट्ट आणि एकाला एक लागून हवेत. पत्र्याच्या क्लॅम्पवर भागवलेलं मी स्वीकारत नाही, कारण दाबाखाली होज शेपटावरून हळूहळू घसरतो आणि शेवटी एकदम निसटतो.

नवव्या मजल्यावरच्या चिकटलेल्या होजबद्दल मात्र ठेकेदार बरोबर बोलतोय. आतलं रबर एकमेकांना धरलं की दोनच शक्यता असतात. पाणी आत शिरताना रबर फाटतं, नाहीतर कापडापासून सुटून फुग्यासारखं आत येतं आणि वाट अडवतं. बाहेरून होज ठणठणीत दिसतो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो आणि ब्रांचला पाणी नसतं. तो बाद करा. बाद केलेला होज मधोमध कापून टाका किंवा त्यावर मोठ्या अक्षरांत 'बाद' रंगवा. नाहीतर पुढच्या वर्षी तो कुठल्या तरी पेटीत परत आलेला दिसतो.

तो चिकटला कशामुळे हे शोधलंत तर उरलेले वाचतील. माझा अंदाज, एकदा वापरून ओला घडी करून ठेवला आणि नंतर वर्षानुवर्षं उघडलाच नाही. पुण्याचा पावसाळा, डक्टमध्ये ओल, त्यात पेटीचं दार बंद. वर उन्हाळ्यात त्याच डक्टमध्ये भट्टी. रबराला यापेक्षा वाईट जागा नाही.

आता होजच्या प्रकारांविषयी. तुमच्या सभासदांनी सांगितलेला कॅनव्हासचा होज आतून रबर नसलेला असतो. त्याचं मानक आयएस ४९२७. ताग-फ्लॅक्ससारखा धागा भिजला की फुगतो आणि वीण घट्ट होते, तोपर्यंत तो झिरपत राहतो. तो हलका आणि स्वस्त आहे, घडीला लहान होतो. पण दर वापरानंतर नीट वाळवला नाही तर बुरशी धरून कुजतो. सोसायटीत तो कोण वाळवणार? शिवाय झिरपणारं पाणी जिन्यावर, लिफ्टच्या खड्ड्यात, विजेच्या डक्टमध्ये जातं. तुमच्यासाठी नको.

मुद्दाम थोडा झिरपणारा एक वेगळा होज आहे, त्याला आम्ही सीपी होज म्हणतो, आयएस ८४२३. त्याचं बाहेरचं कापड सतत ओलसर राहतं, त्यामुळे निखाऱ्यावर पडला तरी पटकन जळत नाही. लाकडाच्या वखारी, जुने वाडे, गवताच्या गंजी अशा ठिकाणी, जिथे होज जळत्या अवशेषांवरून ओढावा लागतो, तिथे त्याचं मोल कळतं. इमारतीच्या पेटीत त्याची गरज नाही.

तुम्हाला हवा तो आयएस ६३६ चा, आतून रबर आणि बाहेरून विणलेलं कापड असलेला, बाजारात आरआरएल नावानं मिळणारा होज. पाणी झिरपत नाही, आतला पृष्ठभाग गुळगुळीत असल्यानं दाब कमी वाया जातो, आणि बाहेरचं कापड सिंथेटिक असेल तर कुजण्याची भीतीही फारशी नाही. घेताना होजच्या अंगावर आयएसआयची खूण, मानकाचा क्रमांक, कंपनीचं नाव आणि तयार झाल्याचं वर्ष छापलेलं आहे का ते पाहा. फक्त बिलावर लिहिलेलं चालवून घेऊ नका. कारखान्यांत तेल, रसायनं, खडबडीत जमीन असते, तिथे बाहेरूनही रबराचं आवरण असलेले होज लागतात. ते जड असतात, तुमच्या पेटीत उगाच अडचण करतील.

एक इशारा. "६३ जड पडतो, ३८ मिलिमीटरचा घेऊ" असं कुणी सुचवलं तर थांबा. तेवढंच पाणी ३८ च्या होजमधून न्यायचं तर घर्षणात वाया जाणारा दाब जवळपास बारापट होतो. दलाच्या गाडीवर लहान होज असतात, पण तिथे मागे गाडीचा पंप असतो. तुमच्या व्हॉल्व्हचं तोंड ६३ चं आहे, दलाचे जोडही त्याच मापाचे आहेत. तेच ठेवा.

कपलिंगचा, म्हणजे जोडाचा, धातू हा पुण्यात थोडा नाजूक विषय आहे. गनमेटल टिकाऊ, पण भंगारात त्याला भाव आहे. पेटीतून ब्रांच आणि कपलिंग गेलेल्या किती सोसायट्या मी पाहिल्या, याची गणती नाही. काही ठिकाणी नुसतं कापड शिल्लक होतं, दोन्ही टोकं कापून नेलेली. अशा वेळी पेटीला कुलूप लावतात आणि किल्ली वॉचमनकडे ठेवतात, हे त्याहून धोक्याचं. आग लागली तेव्हा वॉचमन गेटवर, किल्ली त्याच्या खिशात. अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे किंवा स्टेनलेस स्टीलचे जोड घ्या, पेटीला काच आणि बाहेर छोटी हातोडी ठेवा, आणि दर महिन्याला पेटीत डोकावायचं काम एका माणसाला नेमून द्या.

वॉशरची गोष्ट मी इतकी लावून का धरतो, ते सांगतो. अनेक वर्षांपूर्वी एका पेठेत रात्री वाडा पेटला होता. गल्ली इतकी अरुंद की गाडी मोठ्या रस्त्यावरच थांबली आणि तिथून सहा होज जोडून आम्ही आत गेलो. पंपावर दाब पुरेसा, पण माझ्या ब्रांचला धार जेमतेम उंबऱ्यापर्यंत पोचत होती. वर माळवदाचं लाकूड तडतडत होतं. मागे पळत पळत एकानं ओळ तपासली तर तिसऱ्या जोडातून पाणी गल्लीभर वाहत होतं. वॉशर नव्हता. होज बदलून पाणी येईपर्यंत जी चार मिनिटं गेली, त्यात आग शेजारच्या खोलीत शिरली. माणसं आधीच बाहेर काढली होती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मादी कपलिंगमध्ये बोट घालून वॉशर चाचपल्याशिवाय मी होज गुंडाळून ठेवलेला नाही. तुम्हीही बोट घाला, फक्त डोळ्यांनी पाहू नका.

लांबीचं म्हणाल तर १५ मीटरचे दोनच ठेवा. ३० मीटरचा एक होज पेटीत घडी करून बसवणं अवघड, ओढताना जड, आणि एका जागी भोक पडलं की सगळाच गेला. दोन असले की एक तरी उरतो. पण ३० मीटर पुरतात का हे मोजून घ्या. व्हॉल्व्हपासून दोरी घेऊन, दारांतून, सोफ्याला वळसा घालून सगळ्यात लांबच्या बाथरूमपर्यंत जा. नकाशावरच्या सरळ रेषेनं मोजू नका. दल बहुधा आगीच्या एक मजला खालच्या व्हॉल्व्हला होज जोडून वर चढतं. त्यासाठी एका मजल्याच्या जिन्याचे आठ-दहा मीटर धरा. त्या हिशेबात कमी पडत असेल तर दर तीन-चार मजल्यांमागे एक जादा होज ठेवा.

म्हणजे आतापर्यंतचं इतकं : ५२ होज एकदम बदलू नका, चिकटलेला बाद करा, बाकीच्यांची चाचणी घ्या, वॉशर सगळे नवे टाका, आणि जे नापास होतील तेवढेच आयएस ६३६ चे १५ मीटरचे घ्या.

चाचणीला एक रविवार सकाळ लागेल. पार्किंगमध्ये होज सरळ अंथरा, एका वेळी दोन जोडा, टोकाला ब्रांच लावा आणि ती उघडी ठेवा. कपलिंगच्या शेपटाला लागून होजवर पेननं एक रेघ मारा. व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा, हवा पूर्ण निघून एकसंध धार येऊ लागली की ब्रांच हळूहळू बंद करा. हवा आत राहिली तर होज फुटताना स्फोटासारखा फुटतो, म्हणून ही पायरी गाळू नका. ब्रांच झटकन बंद केलीत तर पाण्याचा धक्का मागे पंपापर्यंत जातो. आता पंपाचा पूर्ण दाब पाच मिनिटं राहू द्या. कुणीही होजवरून ओलांडू नये, पायांत घेऊन उभं राहू नये. पेनची रेघ कपलिंगपासून सरकली तर बांधणी सैल आहे. अंगावर ओलसर ठिपके उमटले तर आतलं रबर गेलं. कारण काहीही असो, नापास होजवर लगेच खूण करा. "नंतर बघू" म्हटलं की तो पेटीत परत जातो.

पाण्याची नासाडी होईल म्हणून सभासद कुरकुरतील, विशेषतः उन्हाळ्यात, टँकर येत असताना. हिशेब सांगा : ५२ होज भरायला सुमारे २,४५० लिटर पाणी लागतं, दहा हजारांच्या टँकरचा चौथा हिस्सा. ते बागेकडे वळवा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी फायरच्या टाकीत जात असेल तर व्हॉल्व्हच्या आत क्षार धरतात, चाक फिरेनासं होतं. तेव्हा त्याच रविवारी प्रत्येक लँडिंग व्हॉल्व्ह एकदा पूर्ण उघडून बंद करा. गेटजवळच्या फायर इनलेटची झाकणंही तपासा. मला त्यात बाटल्या, दगड, एकदा तर चिमणीचं घरटं सापडलंय. दलाची गाडी तिथूनच तुमच्या रायझरमध्ये पाणी भरणार आहे.

चाचणीनंतर होज रिकामे करून सावलीत वाळवा. जिन्याच्या डक्टमध्ये वरून खाली टांगले की आतलं पाणीही निथळतं. एप्रिल-मेच्या कडक उन्हात गच्चीवर पसरू नका, रबर तडकतं. चिखल लागला असेल तर साध्या पाण्यानं आणि ब्रशनं धुवा. कपलिंगला तेल किंवा ग्रीस लावू नका, वॉशर फुगून मऊ पडतो. खिट्ट्या अडत असतील तर साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरड्या करा. घडी करताना सगळ्यात महत्त्वाचं : गेल्या वेळच्या मोडीवर पुन्हा मोड येऊ देऊ नका. नऊ वर्षं एकाच जागी मोडलेला होज नेमका तिथेच फुटतो. दर तीन महिन्यांनी उघडून घडी एक हात सरकवा. आणि होजवर क्रमांक रंगवून एक साधी वही ठेवा, कुठला कधी तपासला, काय आढळलं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. सही करायला येणाऱ्या माणसाला ती वही दाखवा आणि त्याच्याकडून किमान चार होज तुमच्यासमोर भरून घ्या.

होज रीलनं गाड्या धुणं आजच बंद करा. नळी झिजते, नॉझल हरवतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पंप सतत चालू-बंद झाल्यानं कुणीतरी वैतागून तो ऑटोवरून काढून ठेवतं.

राहिला धरायचा प्रश्न. प्रत्येक विंगमधून तीन माणसं निवडा. दिवसा घरी असणारी हवीत, नोकरीवर जाणारी नकोत. एक ब्रांच घेऊन पुढे जातो, दुसरा व्हॉल्व्हपाशी थांबतो, तिसरा मधे होजचे पीळ सरळ करतो. चपटा होज पूर्ण अंथरल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, नाहीतर पेटीतच फुगून अडकतो. व्हॉल्व्हवाल्यानं ब्रांचवाल्याच्या हाकेशिवाय चाकाला हात लावायचा नाही, आणि उघडताना सावकाश. ब्रांचवाल्यानं ती काखेत दाबून, एक पाय पुढे टाकून, किंचित वाकून उभं राहायचं. जेट-स्प्रे ब्रांच, म्हणजे सरळ धार आणि फवारा दोन्ही देणारी, असेल तर आधी स्प्रे. महिन्यातून एकदा पार्किंगमध्ये हा सराव करा, पाण्याशिवाय केला तरी चालेल.

पण हे तिघंसुद्धा धुरात शिरणार नाहीत, हे आधीच ठरवून टाका. पहिल्यांदा १०१ ला फोन, मग त्या फ्लॅटचा मीटर बंद, मग पाणी. कढईतल्या तेलावर पाणी मारायचं नाही, तिथे झाकण आणि गॅस बंद. पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल तरच रील घेऊन दारापर्यंत जा. धूर छातीपर्यंत उतरलेला दिसला की दार ओढून घ्या, सगळ्यांना जिन्यानं खाली न्या आणि पंप चालू आहे ना ते पाहा. दार उघडं टाकलंत तर तोच धूर जिन्यात भरतो आणि वरच्या मजल्यावरच्यांची वाट बंद होते.

चाचणी झाली की किती होज नापास झाले आणि प्रत्येक मजल्यावर व्हॉल्व्हला किती दाब दिसला, ते इथे लिहा. खालच्या चार मजल्यांवर दाब जास्त निघाला तर तिथे लहान नॉझल लावायचं की दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, हे आकडे पाहून सांगेन.